दोन पुऱ्यांची देवी

आमच्या स्वयंपाकघराला कुलूप आहे. फ्रिज आत, डबे आत, तांदळाची कोठी आत, आणि दाराला बाहेरून कुलूप. ते मीच लावलंय. हे सांगताना मी मान खाली घालीन असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी दुसऱ्या एखाद्या बाईचं लिहिलेलं वाचावं.

किल्ली माझ्या गळ्यात असते, मंगळसूत्राच्या काळ्या पोतीत ओवलेली. पहिल्यांदा ती तिथे दिसली तेव्हा सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

"सौभाग्याच्या दागिन्यात चाबी कोन लटकवते व?"

"आई, पदराले बांधली तं पोरगी सोडून घेते. उशीखाली ठेवली तं काढून घेते. मंगळसूत्र तेवढं अजून तिले काढता येत नाही."

सासूबाई त्यांच्या गावी, रामपायलीला परत जाताना देवळात माझ्या वतीने माफी मागून गेल्या, असं मागाहून नवऱ्याकडून कळलं.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिच्या पंधराव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा जन्मापासूनच नाही. या सिंड्रोमला दोन परदेशी डॉक्टरांची आडनावं जोडून नाव दिलेलं आहे. मुलीचं नाव मी इथे लिहीत नाही, मग त्यांचीच कशाला लिहू? तो तुकडा नसला की काय होतं ते मात्र सांगते. पोट भरल्याचा निरोप तिच्या मेंदूला कधी पोचत नाही. ताटावर बसताना ती जेवढी भुकेली असते, तेवढीच ताट पुसून उठतानाही असते. स्नायू ढिले, त्यामुळे खाल्लेलं फारसं खर्ची पडत नाही. तिच्या वयाची मुलं जेवढं खातात त्याच्या पाऊणपटीनेही तिचं वजन वाढतं. अति खाल्लं तरी तिला सहसा उलटी होत नाही आणि दुखलं तरी उशिरा कळतं. म्हणजे ती खाता खाता मरू शकते. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी हे असंच सरळ सांगितलं, तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. ज्या देशात मुलं उपाशी मरतात तिथे ही बाई माझी मुलगी जेवून मरेल म्हणते!

राग येण्याचं आणखी एक कारण होतं. हीच मुलगी पहिल्या वर्षी दूध ओढत नव्हती.

जन्मली तेव्हा नीट रडलीसुद्धा नाही. मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज काढायची आणि झोपायची. छातीशी धरलं की ओठ तसेच उघडे राहायचे. आमच्यापासून तीन घरं सोडून एक काकू राहतात. तेव्हा त्या आमच्या वॉर्डातल्या अंगणवाडीत सेविका होत्या. त्या वजनकाटा घेऊन आल्या, दाराच्या चौकटीला टांगला, झोळीत मुलगी ठेवली आणि कार्डावर टिंब काढलं. टिंब लाल, म्हणजे कुपोषणाच्या, पट्ट्यात पडलं. काकू म्हणाल्या, "हे टिंब मी इथं राहू देनार नाही." त्या दिवसापासून रोज दुपारी काकू यायच्या. काढलेलं दूध चमच्याच्या टोकाने तिच्या गालाच्या आत सोडायच्या, हनुवटीखाली बोट फिरवायच्या आणि ती गिळेपर्यंत वाट पाहायच्या. दहा चमच्यांना एक तास लागायचा. सव्वा वर्षांनी टिंब हिरव्यात गेलं तेव्हा काकूंनी कॉलनीत पेढे वाटले. माझ्या मुलीवर माझ्या खालोखाल कुणाचा हक्क असेल तर तो काकूंचा होता, आणि पुढचं सगळं त्या हक्कातूनच झालं.

भूक जागी झाली ती चौथ्या वर्षी. आमच्या कॉलनीत बायका सकाळची पहिली पोळी गायीसाठी म्हणून फाटकाच्या खांबावर ठेवतात. एक दिवस गाय येऊन हंबरली आणि तशीच गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी खिडकीत उभी राहिले. माझी मुलगी एकेका फाटकापाशी जाऊन, टाचा उंच करून, पोळ्या काढत होती आणि तिथेच उभ्या उभ्या खात होती. एका पोळीला कावळ्याने चोच मारलेली होती. तीही तिने खाल्ली.

सासूबाई तेव्हा खूश होत्या. "आता कसी खाऊन राह्यली माही बाई! चेहऱ्यावर तेज आलं." रामपायलीहून चिन्नोर तांदूळ आला, तूप आलं. तो भात शिजला की वास तिसऱ्या घरापर्यंत जातो. माझी मुलगी कुकरसमोर मांडी घालून बसायची आणि शिट्ट्या मोजायची. आम्हीही हसायचो. खात्यापित्या घरची पोरगी म्हणायचो. सहा महिन्यांत तिला चार पायऱ्या चढताना धाप लागू लागली, कोरडे पोहे आणि कच्चं पीठ खाताना सापडू लागली, तेव्हा कुठे आम्ही नागपूरची गाडी धरली. हसण्यात गेलेल्या त्या सहा महिन्यांबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही. करायचा विचारही नाही.

मग कुलूप आलं. आणि दारावर पांढरा बोर्ड आला, त्यावर खाण्याच्या पाच वेळा: आठ, अकरा, दीड, पाच, साडेसात. समोर काय मिळणार ते लिहिलेलं. तिला अक्षरांआधी घड्याळ आलं. लोकांना कळत नाही ते हे, की कुलपामुळे ती शांत असते. दार उघडं असलं की दिवसभर तिचं डोकं त्या दाराशी झगडत राहतं. दार बंद असलं आणि पाच वाजता फळ मिळणार हे नक्की असलं, की ती चित्राचे तुकडे घेऊन बसते आणि तीनशे तुकड्यांचं चित्र एका बैठकीत जोडते. मला तर कडेसुद्धा जुळवता येत नाहीत.

हे मी कॉलनीला सांगितलं नाही असं नाही. नंतर नंतर सांगणं सोडलं. माझं नाव 'कुलूपवाली' पडलं. भाजीवालीपर्यंत गेलं. एकीने विचारलं, "सवतीची हाय का हो पोरगी?" मी म्हटलं, "नाही, माहीच हाय. सवतीची असती तं दार उघडं ठेवलं असतं." आमचं गाव गोंदियाच्या पलीकडे, हिंदी मुलखात. ऑफिसात मी बाबू, म्हणजे कारकून आहे, जलसंसाधन विभागात. तिथले एक साहेब म्हणाले, "मैडम, बच्ची है, इतनी भी क्या सख़्ती?" मी त्यांना म्हटलं, "सर, एक इतवार आप रख लीजिए." त्यांना त्या रविवारी नेमकं शिवनीला जायचं होतं. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही म्हणतात. मी धरायला गेले नाही, पण उत्तर दिल्याशिवाय कुणाला सोडलंही नाही.

नवरा लामत्याच्या शाळेत गणित शिकवतो. भला माणूस आहे, पण त्याला 'नाही' म्हणता येत नाही. म्हणायला लागला की त्याचेच डोळे भरतात, आणि मुलगी त्याचे डोळे बरोबर वाचते. एकदा त्याने तिला गुपचूप बर्फी दिली. त्यानंतर आठवडाभर ती त्याच्या मागे मागे फिरली, त्याच्या खिशात हात घालत राहिली, नाही मिळालं की जमिनीवर लोळत राहिली, हाताची कातडी ओरबाडत राहिली. मग तोच म्हणाला, हे तुझंच काम, मला जमायचं नाही. तेव्हापासून घरात 'नाही' म्हणायचं काम माझं. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. मला त्याचा कंटाळा येत नाही, लाजही वाटत नाही. मला एकाच गोष्टीची भीती वाटते. मी बेचाळीस वर्षांची आहे. माझ्यानंतर हिला 'नाही' कोण म्हणणार? प्रेम करणारे पुष्कळ मिळतील, आणि त्यातला प्रत्येक जण तिच्यापुढे ताट सरकवील.

ती नऊ वर्षांची असताना ते झालं.

नवरात्रात अष्टमीला आमच्याकडे घरोघर नऊ कन्या जेवायला बसवतात. पाटावर बसवून पाय धुवायचे, पावलांना लाल रंगाचा आलता लावायचा, डोक्यावर लाल चुनरी घालायची, मग पुरी, काळे चणे आणि हलवा. तेवढ्या वेळापुरती ती मुलगी देवी. घरातली म्हातारी माणसंही वाकून तिच्या पाया पडतात. आमच्या काकू दरवर्षी बसवतात, आणि माझी मुलगी त्यांच्या पंगतीत पहिल्या पाटावर. दरवर्षी मी बाजूला बसून असायचे. त्या वर्षी ऑफिसात वरचे साहेब तपासणीला येणार होते, रजा मिळाली नाही. मी सकाळी काकूंना सांगून गेले. "दोन पुऱ्या, दोन चमचे चणे. हलवा नाही." काकू म्हणाल्या, "हौ, हौ. जाय तू."

मी साडेचारला आले तेव्हा मुलगी सोफ्यावर पडून होती. लाल चुनरी अंगावर, पायाला आलता. काकूंनी तिला घरी आणून सोडलं होतं आणि नवरात्रासाठी आलेल्या सासूबाई शेजारी बसून तिला थोपटत होत्या. थकली असेल म्हणून मी कपडे बदलले, चहा टाकला. पाच वाजले. मी पपईची फोड कापून बाहेर आणली, आणि तिने मान वळवली नाही.

सहा वर्षांत पहिल्यांदा पाच वाजता माझ्या मुलीने काही मागितलं नव्हतं. माझ्या हातून बशी पडली. फ्रॉक वर केला तर पोट ताठ, मडक्यासारखं टणक. मी धावत काकूंकडे गेले. तिथे अजून दोन-तीन मुली खेळत होत्या. त्यातली एक आनंदाने म्हणाली, "आंटी, उसने चौदह पूड़ी खाई! हमने गिनी!"

गोंदियाला दवाखान्यात चार दिवस होतो. नाकातून नळी घालून पोट रिकामं केलं. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असता तर पोट फाटलं असतं. ती नळीसुद्धा निमूट सोसत होती, आणि दुसऱ्या दिवशी डोळे उघडताच म्हणाली, "आठ वाजले का?"

तिसऱ्या दिवशी काकू आल्या. हातात डबा. माझ्यासाठी पोळी-भाजी आणली होती. तो डबा पाहून मला जो संताप आला तो आजही शब्दांत मांडता येत नाही.

"काकू, मी सांगून गेलती ना?"

"सांगून गेलतीस व. पन तिनं मांगितलं. पाटावर बसली देवी हात पसरून मांगते, आन् मी नाही कसी म्हनू? ते तं पाप हाय."

"घरी जा, काकू."

काकू गेल्या. जाताना डबा तिथेच ठेवून गेल्या. मी तो उघडला नाही.

घरी आल्यावर कॉलनीचा निकाल तयारच होता. आई उपाशी ठेवते म्हणून पोरगी पंगतीत तुटून पडली. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना फक्त धूर दिसतो. मी ऐकून घेतलं. पण पुढच्या चैत्र नवरात्रात जे झालं ते ऐकून घेण्यासारखं नव्हतं.

चैत्रातही आमच्याकडे कन्या बसवतात. अष्टमीच्या सकाळी माझ्या मुलीने स्वतः पाय धुतले. लाल फ्रॉक घातला आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसली. समोरून मुली या घरातून त्या घरात जात होत्या, कपाळाला टिळे, हातात रुमाल आणि टिकल्यांची पाकिटं. हिला कुणी बोलावलं नाही. काकूंनीही नाही. दीड वाजता तिचं जेवण होतं म्हणून ती उठली, आत आली, ताटावर बसली. अर्धी पोळी झाल्यावर थांबली. ती जेवताना कधीच थांबत नाही.

"आई, मी आता देवी नाही का?"

मी "आहेस" म्हटलं. मग स्वयंपाकघरात गेले, दार आतून लावलं, आणि तोंडात पदर कोंबून रडले. बाहेरून ती दार वाजवत विचारत होती, "आई, तू एकटी काय खाऊन राह्यली?"

त्या दिवशी ठरवलं. माझी मुलगी मरणार नाही आणि फाटकाशी बसूनही राहणार नाही. दोन्ही पाहिजे मला. एकाच्या बदल्यात दुसरं मी घेणार नाही.

सहा महिन्यांनी, शारदीय नवरात्राच्या आदल्या दिवशी मी काकूंच्या घरी गेले. मधल्या वर्षभरात आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. काकू सुपात काळे चणे घेऊन खडे निवडत होत्या. मी बसले नाही.

"अष्टमीले माह्या पोरीले बोलवाचं. पहिल्या पाटावर."

काकूंनी मान वर केली नाही. "मले भेव लागते व बाई. माह्या हातानं मरता मरता वाचली ते."

"म्हनूनच बोलवाचं. आन् दोनच पुऱ्या द्याच्या."

"तिसरी मांगितली तं?"

"मांगनारच. तं नाही म्हनाचं."

"देवीले?"

"हौ, देवीले! काकू, मी दिवसातून पन्नास खेपा देवीले नाही म्हनते. मंग मी किती पापी झाली सांगा! तुम्ही तिले चमच्या-चमच्यानं जगवलं. लाल टिंब तुमच्यानं पाहवलं नाही. आता ते टिंब पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूनं बाहेर चाललं, तं तुम्ही हात जोडून पाहत बसता? मी उद्या मेली तं कोन म्हनंल तिले नाही? तिचा बाप? त्याले तं भाजीवालीलेही नाही म्हनता येत नाही."

काकू हसल्या नाहीत. सुपातले चणे इकडून तिकडे करत राहिल्या. मी निघून आले. वाटलं, गेलं हेही दार.

सप्तमीला संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या. दारावरच्या बोर्डासमोर उभ्या राहून, चष्मा लावून, खाण्याच्या पाचही वेळा वाचल्या. मग म्हणाल्या, "कन्या दीड वाजता बसवतो. अकरालेच बसवत आलो, पन तिच्या जेवनाची येळ दीडची हाय."

अष्टमीला मी सुट्टी घेतली. काकूंनी सेविकेची जुनी रीत काढली होती. ताटं आतून वाढून आणली, नऊही सारखी, मोजून. वाढायला परात नाही, टोपली नाही, दुसऱ्यांदा कुणालाच काही नाही. हलव्याच्या जागी केळ्याच्या दोन चकत्या. एका मुलीची आई दारातच कुरकुरली, "हमारी तो भूखी उठेगी." काकू म्हणाल्या, "घरी जाऊन खाऊ दे. तुमच्या घरी कुठं कुलूप हाय?"

मी भिंतीला टेकून बसले, हात मांडीखाली घालून. बोलायचं नाही असं मी स्वतःला बजावलं होतं. माझ्या मुलीने दोन पुऱ्या खाल्ल्या, चणे खाल्ले, चकत्या खाल्ल्या, बोट फिरवून ताट स्वच्छ केलं. मग हात पुढे केला.

"काकू, पुरी."

काकू तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. हात जोडले.

"नाही माय. झाल्या दोन."

ताट भिंतीवर आदळलं. माझी मुलगी किंचाळली, पाटावरून खाली पडून लोळू लागली, चुनरी फाडली, "मले भूक लागली, मले भूक लागली" म्हणून टाहो फोडला. बाकीच्या मुली भेदरून कोपऱ्यात सरकल्या. माझ्या अंगातली प्रत्येक नस उठ म्हणत होती. काकूंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या तेच तेच म्हणत होत्या, "नाही माय. पाच वाजता पेरू हाय. तुह्या बोर्डावर लिवला हाय. पाच वाजता मी घेऊन येतो. आता नाही." एकदा नाही, किती वेळा तरी. आवाज चढवला नाही आणि शब्द बदलला नाही.

वीस-पंचवीस मिनिटांनी ती थांबली. उठून बसली, नाक चुनरीला पुसलं आणि विचारलं, "पाचले? पक्कं?"

"पक्कं."

मग काकू तिच्या पाया पडल्या. शिकवल्याप्रमाणे माझ्या मुलीने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. छोटा हात आहे तिचा, अकराव्या वर्षीही सहा वर्षांच्या मुलीएवढा. त्या दिवशी दीडनंतर मी एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं, हे घरी येऊन चपला काढताना माझ्या लक्षात आलं, आणि मी तिथेच पायरीवर बसले. इतकं हलकं मला तिच्या जन्मानंतर कधी वाटलं नव्हतं.

पाच वाजता, खरंच पाच वाजता, काकू आल्या. हातात बशी, बशीत अर्धा पेरू. बिया काढलेल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी बाजारात थांबून किल्लीची जोडी करून घेतली. संध्याकाळी ती काकूंच्या हातावर ठेवली. त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ काढली, किल्ली तिच्यात ओवली आणि माळ परत घातली.

आता आमच्या कॉलनीत कुलूपवाल्या दोघी आहेत.